कोंडीबा माघारी आला

झुंजुमुंजू झालं हुतं. चहा ठिवून मी कारखान्यातनं आणलेल्या टॉवेलांच्या कडा शिवायला बसले, तवर कीर्तीचा व्हिडिओ कॉल आला. आमची लेक अमेरिकेत नोकरीला. तिकडं संध्याकाळ हुती.

“आई, पप्पांना बोलव. मी त्या बेटावर आलेय.”

मिशिनीवरचा हात थांबला माझा. ते बेट आमच्या घरात सगळ्यांना ठावं. ह्यांचे पणजोबा कोंडीबा, दुधनी गावाकडचे. दुष्काळात बोटीनं अमेरिकेला गेले. तितल्या सरकारनं उतरूच दिलं न्हाय. परदेशातनं आलेल्यांना ज्या बेटावर कोंडायचे, तितं ठिवलं आन्‌ माघारी धाडलं. बंदराबंदरात हमाली करत घर गाठायला बारा वर्षं उलटली. बारा वर्षं माणसाचा पत्ता न्हाय लागला की आमच्यात पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळत्यात. कोंडीबाचा जाळून झाला हुता, बायकोचं कुंकू पुसून झालं हुतं, आन्‌ कोंडीबा दारात उभे! “जित्ता हाय मी, दार उघडा की,” म्हणून बंद दाराला तोंड लावून सगळी कथा सांगितली. घरच्यांना वाटलं, भूतच आलंय. दहीभात भाईर ठिवला, पर कडी काढली न्हाय. सकाळी अंगणात कुणी नव्हतं. तिकडंबी दार बंद, हिकडंबी बंद. कसं वाटलं आसंल वो त्याला? जीव तुटतो बघा माझा.

हाक मारली तसे हेबी येऊन बसले. कीर्ती फोन फिरवून दाखवत हुती. लाकडी भिंती, लोखंडी पलंगांच्या रांगा, भिंतीवर कोरलेली नावं. उजेड कमी कमी हुईत चाललेला.

“पप्पा, इथं जळका वास येतोय... पाला जाळल्यासारखा.” मग तिचा आवाज उतरला. “कुणीतरी दार वाजवतंय... त्या बंद खोलीतून.”

आमालाबी ऐकू आलं. ठक... ठक. आन्‌ मग तोच आवाज आमच्या घराच्या दारावर.

“दार उघडा की...”

ह्यांच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. “आजा, आलो, आलो,” करत दाराकडं निघाले. मी आडवी आले. कडीवर दोन्ही हात दाबून धरले.

“आवो, लेक तितं एकटी हाय! हितलं उघडलं तर तितलंबी उघडंल, उघडू नगा!” फोनकडं बघून वरडले, “कीर्ती, पळ! मागं बघू नगंस!”

ती पळाली, तिला बोट मिळाली. आमच्या दारावरचा आवाजबी थांबला. मला वाटलं, सुटलो.

दिवाळीला कीर्ती आली. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, ये म्हणलं. ती उंबऱ्याभाईरच उभी.

“आई, आधी यांना आत घे.”

तिच्या शेजारी कुणी नव्हतं. हे हात जोडून खाली बसले. मी पदर पसरला. “या वो आजा. चुकलं आमचं. घर तुमचंच हाय.”

कीर्ती मान वाकडी करून ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, “नको म्हणतात... आणि माझा हातही सोडत नाहीत.”

लई पस्तावा हुतो मला. त्या पहाटे कडी काढली आसती तर... पर आई हाय वो मी, मला काय सुचणार?

आता ती पडवीतच ऱ्हाती. ताट मी भाईरच नेऊन देते. डाव्या हातानं जेवती.