घरात कोण

माझ्या टेबलावर दोन स्क्रीन आहेत. एक ऑफिसने टाकून दिलेला, दुसरा मी टाकून द्यावा असं बायकोचं मत असलेला. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत, पण बोटांना ती पाठ आहेत. टेबलाखालच्या वायरींच्या जंजाळात झाडू शिरत नाही, त्यामुळे तिथली धूळ माझी खाजगी मालमत्ता समजली जाते. दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर झाकण तुटलेला एक जुना लॅपटॉप अहोरात्र घुमत असतो. तो माझा सर्व्हर. बायको त्याला सवत म्हणते.

या सवतीच्या जिवावर मी घरच्यांसाठी मोबाइलवर उघडणारी लहानसहान पानं बनवली होती. टाकी भरली का, गिझर बंद केला का, असली. एक पान भाजीत मीठ पडलंय की नाही ते सांगायचं. मीठ टाकणाऱ्याने बटण दाबायचं, बटण हिरवं व्हायचं. एकदा भाजी चक्क अळणी लागली. मी पान उघडून पाहिलं.

"मीठ आहे," मी म्हटलं.

"जीभ आहे ना तुला?" बायको म्हणाली.

"आहे. पण जिभेकडे नोंद राहत नाही."

तिने माझ्याकडे जरा पाहिलं आणि मिठाची बरणी स्वतःपुढे ओढली. मी तसंच जेवलो. तत्त्व म्हणून.

सगळ्यांत जास्त चाललं ते 'घरात कोण' नावाचं पान. ज्याचा मोबाइल घरच्या वायफायला जोडलेला, तो घरात. त्याच्यापुढे हिरवा ठिपका. बाहेर गेला की राखाडी. ओळी तीनच होत्या: आई, सून, मुलगा. ओळखीचा नसलेला मोबाइल सापडला तर खाली चौथी ओळ उमटायची, 'पाहुणा'.

हे पान मी आईसाठी केलं. गुडघे गेल्यापासून ती मागच्या खोलीत पडून असते. दाराला किल्ली लागली की ती आतून हाक मारायची, "आलास का रे?" मी "हो" म्हणेपर्यंत मारत राहायची. हो म्हटलं की "जरा इकडे ये" म्हणायची, आणि गेल्यावर सांगण्यासारखं तिच्याकडे काहीही नसायचं. दिवसभर ऑफिसात हो-हो करून आलेल्या माणसाला घरी आणखी एक हो जड जातो. मी एक जुना टॅबलेट तिच्या पलंगासमोर भिंतीवर लावला आणि त्यावर पान कायमचं उघडून ठेवलं.

"आता हाका मारायला नकोत. मी आलो की दिसेन तुला."

आईने ठिपक्याकडे निरखून पाहिलं. "हा तू?"

"हा मी."

"बरा आहेस," ती म्हणाली.

त्यानंतर तिने हाक मारली नाही. मी ते पानाचं यश मानलं.

पुढे एका संध्याकाळी मी घरात शिरलो तर बायको म्हणाली, "परत कुठे गेला होतास?"

"परत? आत्ता येतोय."

"मघाशी आलास की. हिरवा होतास."

मी तिला समजावलं की कधीकधी जुनी नोंद रेंगाळते, यंत्र आहे, माणूस नव्हे. ती "बरं बाबा" म्हणाली. मी आईच्या खोलीत डोकावलो. ती डोळे मिटून समाधानाने पडली होती.

"आज पाय चेपलेस, फार बरं वाटलं रे."

मी आईचे पाय कधीच चेपलेले नव्हते. माणसं विचित्र बोलायला लागली की मी कोड तपासतो. तपासला. कोडमध्ये काही चूक नव्हती.

मग हे वरचेवर होऊ लागलं. बायकोला आदल्या दिवसाचं माझं बोलणं आठवायचं आणि मला ते ठाऊक नसायचं. "काल किती शहाण्यासारखा बोलत होतास," ती म्हणायची, "आज काय झालं?" एकदा मागच्या खोलीचा करकरणारा दरवाजा मुकाट उघडला. बिजागरीला कुणीतरी तेल दिलं होतं. ते काम मी बरेच दिवस पुढे ढकलत आलो होतो.

एका दुपारी ऑफिसात सहज पान उघडलं. मुलगा, हिरवा. शेजारी आमच्या टीमचा शंकासुर बसतो, ज्याचा कशावरच विश्वास नाही. त्याला दाखवलं.

"तुझं घर तुझ्यावाचून चालतंय," तो म्हणाला. "लोक यासाठी जन्मभर झिजतात, राजा. पेढे... राहू दे, चहा पाज." मग त्याने मान पुढे काढली. "पण वायफायला जोडलाय कुणाचा मोबाइल?"

"माझा."

"आणि हा हातातला?"

मी घरी फोन लावला.

"काय रे?" बायको दबक्या आवाजात म्हणाली. "आतल्या खोलीतून फोन कसले करतोस? ये ना बाहेर."

"मी आत आहे?"

"चेष्टा पुरे. आईंना इतकं हसवू नकोस, ठसका लागेल."

तिच्या मागून हसणं ऐकू येत होतं. म्हातारं, मोकळं, दम लागेपर्यंतचं. आईचं. तिला असं हसताना मी शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना.

दुसरा कुणी असता तर तसाच घराकडे पळाला असता. मी आधी दुरुस्ती केली. 'मुलगा' या ओळीमागे माझ्या मोबाइलची ओळख लिहिलेली होती. कुणीतरी तीच वापरून आत बसला आहे, तेव्हा ती पुसली की तो आपोआप बाहेर पडेल, असा माझा सरळ हिशेब. खुर्चीतूनच मी ती पुसून टाकली. पान ताजं केलं.

मुलगा, हिरवा.

मग मात्र मी पळालो.

बाहेर लख्ख ऊन होतं. जिना रिकामा. किल्ली लावली, पण दाराला आतून कडी होती.

दाराबाहेरही चपलांसाठी एक उघडा खण आहे. त्यात माझे काळे बूट होते. ते माझ्या पायांतही होते.

मी खणातल्या बुटात हात घातला. आत ऊब होती.

बेल वाजवली. बायकोने दार उघडलं. तिच्या हातात मोबाइल होता. आधी तिने त्यात पाहिलं, मग माझ्याकडे. आणि हसली. ते हसू मला ओळखीचं होतं. ते ती घरच्यांसाठी वापरत नाही.

"या ना. बसा."

मी बसलो. माझ्याच खुर्चीत बसायचं धाडस झालं नाही. सोफ्याच्या कडेवर बसलो.

तेवढ्यात आतून हाक आली.

"आलास का रे?"

इतक्या दिवसांनी. मी तोंड उघडलं.

"हो आई," आतून उत्तर आलं. "इथेच आहे."

आवाज माझा होता. फक्त त्यात शीण नव्हता.

"आईंना सारखी खात्री लागते," बायको कौतुकाने म्हणाली. "आणि तोही कंटाळत नाही."

तिने ट्रेमधून पाणी आणलं. सोनेरी काठाच्या ग्लासात. हे ग्लास काचेच्या कपाटातून फक्त परक्या माणसांसाठी निघतात.

मी सवयीने मोबाइल काढला. आई, हिरवी. सून, हिरवी. मुलगा, हिरवा. खाली चौथी ओळ उमटली होती.

पान बिनचूक चाललं होतं.

"तो येईलच इतक्यात," बायको म्हणाली. "तुम्ही त्याच्या ऑफिसातले का?"

मागच्या खोलीचं दार उघडलं. करकरलं नाही.

"हो," मी म्हटलं.