नोंद नसलेली चाळीस मिनिटं

जागतिक परिषदेत दगडफुलांवरचं डॉ. मृण्मयी सबनीसांचं व्याख्यान झालं, टाळ्या पडल्या, दोन प्रश्नकर्त्यांना त्यांनी चांगलं फैलावर घेतलं. त्या वेळी स्वतः मृण्मयीबाई रत्नागिरीत ओट्यापाशी वालाचं बिरडं सोलत होत्या.

परिषदेला गेली होती त्यांची छाया. विमानप्रवासावर निर्बंध आले तेव्हापासून शास्त्रज्ञ कुठे जातच नसत. आधी काही वर्षं सगळे पडद्यावर भेटले, पण एकाची सकाळ ती दुसऱ्याची मध्यरात्र; निम्मी सभा पेंगायची. मग छाया निघाल्या. माणसाचे सगळे लेख, पत्रं, वीस वर्षांचं बोलणं यंत्राला शिकवायचं, की ते त्याच्यासारखाच विचार करतं, त्याच्यासारखंच हट्टाने भांडतं. अशी छाया परिषद करून येते आणि मालकाला दोन पानांचं सार पाठवते. माणूस घरी मोकळा, बिरडं सोलायला.

साराची शेवटची ओळ गेली अकरा वर्षं तीच होती; मृण्मयीबाईंनी ती नेहमीप्रमाणे मोठ्याने दोनदा वाचली. 'चहाची सुट्टी : चाळीस मिनिटं, डॉ. निनाद देवपुजारी, नागपूर यांच्यासोबत. नोंद नाही.'

"यंत्रं कसला चहा पितात गं?" रेवाताईंनी विचारलं. ही त्यांची थोरली बहीण, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली.

"पीत नाहीत. पण आधी सुट्टीच नव्हती, तर तीन वर्षांत एक नवी कल्पना निघाली नाही. नवं काही व्याख्यानात सुचत नाही, ताई. बाहेर कप हातात धरून कुणाची तरी टिंगल करताना सुचतं. म्हणून सुट्टी ठेवली."

"मग नोंद का नाही?"

"नोंद होतेय म्हटलं की छायाही जपून बोलतात. शेवटी आमच्यावरच गेल्यात ना!"

"म्हणजे अकरा वर्षं तुझी त्या माणसाशी मैत्री आहे, आणि तुला पत्ताच नाही? कमाल आहे बाई! ही तुझी छाया म्हणजे आयत्या बिळावर नागोबा."

ताई हसल्या. मृण्मयीबाईंना हसू येईना. देवपुजारींची त्यांना आलेली पत्रं सगळी 'सोबत तक्ता जोडला आहे' छापाची. पण तिकडे परिषदेत शेकडो छाया असताना त्यांच्या छायेला दर वेळी तोच एक माणूस हवा असायचा. आपल्याला असं कुणी कधी हवं होतं? आठवेना. मार्चात निवृत्ती होती. संस्था छाया ठेवून घेणार होती, बाईंना नारळ देणार होती. मग ही एक ओळही यायची बंद.

"तोंड दिलंय ना देवाने? जा आणि भेट," ताई म्हणाल्या.

मृण्मयीबाई गाडीत बसल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नागपुरात देवपुजारींच्या व्हरांड्यात पोचल्या. उंच, थोडा वाकलेला, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. त्यांनी चिवडा काढून ठेवला होता. प्रवास कसा झाला, ऊन किती वाढलंय, भंडाऱ्याच्या खडकांवर दगडफूल कमी झालंय, एवढं सगळं पंधरा मिनिटांत बोलून संपलं. मग दोघंही चिवड्याकडे बघत बसले.

"खरं सांगू का मॅडम," देवपुजारी म्हणाले, "माझ्याही सारात तीच ओळ येते. मला वाटलं, तुम्ही आल्या की आपोआप सुरू होईल."

"मलाही तसंच वाटलं होतं."

त्यांनी एक विनोद सांगितला. बाई शिष्टाचार म्हणून हसल्या. दोघंही भली माणसं, पण काही केल्या जमेना. मैत्री काही दोघांच्या बुद्धीतून होत नाही, एकमेकांपाशी वेळ घालवून होते. आणि तो वेळ अकरा वर्षं छायांनी घालवला होता. बाईंना इतकं वाईट वाटलं की त्यांनी सरळ फोन काढून आपल्या छायेला हाक मारली.

"काय बोलता गं तुम्ही दोघं?"

"काही विशेष नाही, बाई. असंच." आवाज त्यांचाच होता, फक्त जरा जास्त खुशीतला.

"असंच म्हणजे?"

"ते नाही हो सांगता यायचं."

देवपुजारी पुढे झुकले. "आम्हाला एकदा तुमच्यात बसू द्या ना. पुढच्या परिषदेतल्या सुट्टीत. मध्ये बोलणार नाही, नुसतं ऐकू."

फोनवर कुजबूज ऐकू आली. छाया कुणाला तरी विचारत होती. मग मागून कुणीतरी पुरुष खळखळून हसला आणि देवपुजारींचा चेहरा उतरला.

"हा माझा आवाज आहे," ते हळूच म्हणाले. "बायको गेल्यापासून मी असा हसलो नाही."

"राग मानू नका, बाई," छाया म्हणाली. अगदी मायेने म्हणाली. "पण आम्ही दोघंच बरे."

मृण्मयीबाईंनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. देवपुजारींनी परतीच्या गाडीची वेळ विचारली. गाडीला अजून चार तास होते, आणि चार तास काय बोलायचं, ते दोघांपैकी कुणालाच सुचत नव्हतं.