कोरफडीला रोज पाणी

मागच्या गल्लीत कामाला आले होते, म्हणून सहज कुंपणावरून डोकावले. आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. दाताचे डॉक्टर रबरी पाइप धरून माझ्या कोरफडीवर धो धो पाणी सोडत होते. वर शीळही घालत होते.

फाटक ढकलून मी आत गेले. "काय चाललंय हे?"

ते दचकले. पाइप निसटला, बूट भिजले. बरं झालं.

"तुम्ही... आज? तुम्ही तर गुरुवारी येणार होता ना?"

"गुरुवारपर्यंत अजून किती झाडं कुजवायची होती?"

यांची ही बाग आखणं हे माझं एकटीचं पहिलं काम. कागदावर रेघ ओढण्याआधी मी विचारलं होतं, बागेला आठवड्याला किती वेळ देणार? "दहा मिनिटं. तीही कशीबशी," असं हेच म्हणाले होते. म्हणून हिरवळ नको म्हटलं, ती सारखी कापत बसावी लागते. तण माजू नये म्हणून खडी पसरली. झाडू फिरेल एवढी रुंद फरशीची वाट केली, त्यांच्या आईंना वाकायला नको म्हणून कंबरेइतक्या उंचीचे वाफे बांधले. झाडं अशी निवडली, की पंधरा दिवस विसरलं तरी रुसायची नाहीत.

तरी दोन महिन्यांत ऑफिसात तीनदा फोन. पानं पिवळी पडलीत, येऊन जाता का? मी धावत यायची. माती चुकली? उतार चुकला? विचार करकरून डोकं पिकलं. त्यात साहेबांनी बजावलं, अजून एक तक्रार आली तर माझं पुढचं, शाळेच्या मैदानाचं काम दुसऱ्याला जाईल.

"पाणी नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

ते भिजल्या बुटांकडे बघत म्हणाले, "पहिल्यांदा चुकून झालं. तुम्ही आलात, मातीत हात घालून दोन तास बसलात, आईशी गप्पा मारल्यात... नंतर मात्र – चुकून नाही."

माझी कानशिलं तापली. "म्हणजे मला बोलवायला झाडं मारलीत? सरळ चहाला ये म्हणता येत नव्हतं?"

"धीर होत नव्हता."

"लोकांच्या दाढा उपटायला बरा होतो."

खिडकीतून त्यांच्या आई म्हणाल्या, "सोडू नकोस त्याला, पोरी. चांगलं सुनाव."

माझे डोळे भरून आले, आणि त्याचाही राग आला. "मला वाटलं, मला कामच येत नाही. दोन महिने स्वतःला नालायक समजत होते मी. तुला काही कल्पना आहे?"

'तुला' कधी तोंडातून गेलं, कळलंच नाही. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने तिथल्या तिथे माझ्या साहेबांना फोन लावला.

"बागेत काही दोष नाही. मीच मुद्दाम पाणी घालत होतो... का? त्या परत याव्यात म्हणून. हो, लेखी देतो." कानापर्यंत लाल झाला होता.

फोन ठेवून म्हणाला, "मैदानाचं काम तुमच्याकडेच आहे, म्हणाले." मग अगदी हळू, "आता बाग सावरेल. तुम्हाला इथे यायचं काही कारणच उरणार नाही..."

माझा राग गेला नव्हता. अजून आठवडाभर पुरला असता. मी नळ घट्ट बंद केला, पाइप गुंडाळून काखेत मारला.

"हा जप्त. रविवारी येईन. बागेकडे बघणारसुद्धा नाही."