टोपाझचं बाटलेलं पाणी

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात मी लास व्हेगासच्या टोपाझ हॉटेलात गायचे. जुगाराच्या टेबलांवरून उठून लोक ऐकायला यायचे, हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवायचे. गाणं संपलं की मी स्वयंपाकघरातून, उष्ट्या मांसाच्या पिंपांमधून वाट काढत मागच्या दाराने बाहेर. आम्हा काळ्यांनी तिथे जेवायचं नाही, झोपायचं नाही. लघवीला लागली तर मॅनेजर हॅस्केल कागदी कप पाठवायचा.

पण रस्त्यावरच्या पाटीवर दिव्यांच्या अक्षरांत माझं नाव होतं, वर्लीन टिब्स. पहिल्यांदाच. त्यापायी मी सगळं गिळत होते.

एका दुपारी तालीम आटोपून मी पोहण्याच्या तलावाकाठी बसले आणि पाय पाण्यात सोडले. एक सोनेरी केसांची बाई किंचाळली. हॅस्केलने अख्खा तलाव उपसायला लावला. माणसं ब्लीच ओतून फरशा घासू लागली.

"गळा तुझा, पाणी आमचं. एवढंही कळत नाही?" तो म्हणाला. "उद्या दुपारी इथेच सगळ्यांसमोर माफी मागायची. नाहीतर पाटीवरून नाव खाली. मग या रस्त्यावर कुठे गातेस तेच बघतो."

"माग बाई," आमचा सॅक्सोफोनवाला रॉस्को म्हणाला. "दोन शब्द बोलायचे आणि मोकळं व्हायचं."

दुसऱ्या दिवशी तलाव काठोकाठ भरला होता. मी माइक धरून उभी राहिले. तिकडे पाटीला शिडी लावून एक माणूस तयारच होता. त्याच बाईने झोकात सूर मारला आणि वर आली.

तिचे केस कोरडे होते. गालावरची पावडरसुद्धा जागच्या जागी. ती हसली. मग आणखी लोकांनी उड्या मारल्या, आणि तेही कोरडेच बाहेर आले. टॉवेलांच्या घड्या कुणी मोडल्या नाहीत.

हसणं हळूहळू थांबलं.

ऊन मी म्हणत होतं. बाईने पाणी मागवलं, घटाघटा प्यायली आणि पेला खाली ठेवला. तो भरलेलाच होता.

मग ते सगळे काठावर पालथे पडले. तेल चोपडलेल्या लालभडक पाठी, आणि पाण्यात खुपसलेली तोंडं. लपलप लपलप नुसती. मला शिसारी आली.

हॅस्केल पेला घेऊन माझ्यापाशी आला. त्याचे ओठ फुटले होते.

"वर्लीनबाई," तो खरखरत म्हणाला, "यात जरा बोट बुडवता का?"

"आणि माफी?"

"राहू द्या हो. तुमचं नावही राहील." त्याने हातानेच शिडीवरच्या माणसाला खाली उतरवलं.

मी बोट बुडवलं. ते ओलं झालं.

हॅस्केलने खिशातून रेशमी रुमाल काढला. माझं बोट लागलं होतं तिथला काठ नीट पुसला.

मग पेला तोंडाला लावला. मान मागे टाकली. पेला पार उपडा झाला.

पाणी वर तळाशीच चिकटून राहिलं.