साखरपाण्यातला खडू

"पाणी दे गो," उंबऱ्यावर बसून बूट सोडता सोडता दत्ताराम म्हणाला, आणि सुगंधाच्या काळजात नेहमीसारखं चर्र झालं!

दीड वर्ष हे असंच चाललं होतं. रात्रपाळीची वॉचमनगिरी आटपून नवरा सकाळी आठला घरी यायचा, दारातूनच पाणी मागायचा, आणि माठात तांब्या बुडवताना सुगंधाला आपला उजवा हात नकोसा व्हायचा. साऱ्या घाटकोपरात नवऱ्याला पेलाभर पाणी देणं इतकं जड कुणा बाईला जात नसेल! तो घटाघटा प्यायचा, मिशा पुसायचा, पेला परत द्यायचा... आणि ती तो पेला विसळता विसळता मनातल्या मनात त्याचे पाय धरायची.

कारण दत्तारामनं शपथ घेतली होती. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, इस्पितळाच्या बाकड्यावर, रक्तानं भिजलेलं धाकट्या भावाचं डोकं मांडीवर घेऊन तो गरजला होता, "ज्यानं हे फळ्यावर लिहिलं ना, त्याच्या हातचं पाणी मी जन्मात पिणार नाही!" सुगंधा तेव्हा ओला टॉवेल घेऊन मागेच उभी होती. ते लिहिणारा हात तिचाच होता.

आता हे कसं झालं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली आणि दत्ताराम राऊळ चार महिने नुसता भिंतीकडे बघत बसला. त्या दिवसांत राऊळांच्या दारात तांदळाचं पोतं आणून टाकलं ते वस्तीतल्या जागर मंडळानं. पुढे वॉचमनची नोकरी लावली तीही मंडळाच्या चंद्रप्रकाशनं. उगाच का माणसं त्याच्यामागे उभी होती? आणि त्याच मंडळानं सुगंधाला एक गोष्ट दिली, जी तिला माहेरी नाही की सासरी नाही, कुठंच मिळाली नव्हती... मान! नाक्यावर मंडळाचा काळा फळा होता. त्यावर रोज सकाळी खडूनं मजकूर लिहिला जाई: बातम्या, सभा, इशारे. सातवी शिकलेल्या सुगंधाचं अक्षर एकदा चंद्रप्रकाशच्या नजरेला पडलं आणि तो फळा तिचा झाला. तो चिठ्ठी द्यायचा, ती उतरवायची. आत काय लिहिलंय हे विचारायची पद्धतच नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिलाही विचारायचं नसायचं. कामावर जाणारे लोक थांबून आपलं अक्षर वाचतात, याच सुखात ती होती.

अक्षर चमकायचं, त्याची युक्ती मात्र श्यामकांतची होती. हा तिचा दीर. सासू गेली तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि लग्न होऊन आलेल्या सुगंधाच्या पदराखालीच तो वाढला. तिला स्वतःला मूल झालं नाही, पण त्याचं दुःख त्या पोरानं कधी उरू दिलं नाही. शाळेत ड्रॉइंगच्या मास्तरांकडून तो शिकून आला होता. "वहिनी, खडू रात्रभर साखरपाण्यात भिजत ठेव. सकाळी लिही. चकाकतं एकदम, आणि हातानं पुसलं तरी जात नाही!"

तोच श्यामकांत शिकला, मुलुंडला शाळेत मास्तर झाला आणि एक दिवस जयाला घेऊन घरी आला. जया नर्स होती, पलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या भाऊरावांची मुलगी. सुगंधानं चहा केला. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांतून दिला आणि जयाला... कान तुटलेल्या कपातून! मुद्दाम? हो, मुद्दामच. जयानं चहा घेतला, मोरीत जाऊन कप स्वतः विसळला, पालथा घातला आणि हसून निघाली. ते हसू सुगंधाला पुढे कितीतरी दिवस जेवू देईना.

त्यातच अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं. एका पुस्तकाच्या काही पानांवरून मुंबईत भगव्या झेंड्यांचा मोर्चा निघाला, मग निळ्या झेंड्यांचा निघाला, आणि कालपर्यंत एका नळावर भांडी लावणारी माणसं एकमेकांची जात पुन्हा आठवू लागली. भाऊरावांच्या वस्तीतही असाच एक फळा होता, तिथंही "मुलगी त्यांच्यात देता?" म्हणून त्यांना लोकांनी फैलावर घेतलं होतं म्हणे. श्यामकांत त्या निळ्या मोर्चात भाऊरावांच्या शेजारून चालला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिठ्ठी आली.

"आपल्याच वस्तीतला एक शिकलेला मुलगा परक्यांच्या मोर्चात जाऊन आला. या घरभेद्याला ओळखा. त्याच्याशी बोलू नका. त्याला पाणीही देऊ नका."

नाव नव्हतं, पण सुगंधाला का कळलं नसेल? पहिल्या ओळीतच कळलं! तरीही तिनं लिहिलं... रागानं, मत्सरानं, आणि चार दिवस वस्तीनं तोंड फिरवलं की पोर आपोआप आपल्याकडे परत येईल या वेड्या मायेनं. वर सवयीनं 'घरभेद्या'खाली लाल खडूची रेघही ओढली. सकाळी सात वाजता श्यामकांत बादली आणि फडकं घेऊन फळ्यापाशी गेला. मजकूर पुसताना मंडळाच्या चौघा-पाचांनी त्याला धरला... डावा कान कायमचा गेला. पोलिसांना त्यानं सांगितलं, मारणारे ओळखू आले नाहीत. बरा झाल्यावर त्यानं जयाशी लग्न केलं आणि मुलुंडला बिऱ्हाड थाटलं. दत्ताराम सणावारी तिकडे जाऊन येई, सुगंधा कधीच गेली नाही. फळा त्या दिवशी घासून घासून अर्धा पांढुरका झालेला, अर्धा पाण्यारक्तानं माखलेला होता, त्यामुळे अक्षर दत्तारामला दिसलंच नाही. आणि सुगंधा म्हणाली, "मला ताप होता हो... दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलं असेल."

हे एक वाक्य! त्यानंतर तिनं खडू हातात धरला नाही. पण बोललेलं वाक्य कुठं पुसता येतं?

त्या सकाळी पाणी पिऊन दत्ताराम आत झोपला आणि थोड्याच वेळात गॅलरीत चंद्रप्रकाश आला. आवाज खाली ठेवून म्हणाला, "वहिनी, इलेक्शन तोंडावर आलंय. तुमच्यासारखा हात नाय कुणाचा. उद्याच्या दिवस एवढा मजकूर उतरवा."

तिनं चिठ्ठी वाचली. दर बुधवारी चाळीच्या ओट्यावर पोरांना पोलिओचे डोस द्यायला येणारी नर्स कोण आहे, कुणाची बायको आहे, हे ओळखा. तिच्या हातून आपल्या लेकरांच्या तोंडात काही पडू देऊ नका...

"डोस आहेत रे ते! लहान पोरांचे!"

"दुसरी नर्स येईल ना. एवढं काय?" चंद्रप्रकाश जरा दुखावल्यासारखा झाला. "मी काय वाईट माणूस आहे का, वहिनी? संपात तांदूळ कुणी आणला? दादाला नोकरी कुणी लावली? आपली माणसं आपण नाय धरून ठेवायची तर कुणी?" मग आत झोपलेल्या दत्तारामकडे बघत तो हळूच म्हणाला, "मागचं कुणी लिहिलं ते दादाला मी अजून सांगितलं नाय. सांगणारही नाय. पण तुम्ही पण समजून घ्या ना."

तो गेला. सुगंधा कितीतरी वेळ चिठ्ठी हातात घेऊन तशीच बसली. नाही म्हणावं तर संसार जाणार, हो म्हणावं तर... पुन्हा तेच? ज्या पोराला या हातानं घास भरवले, त्याचा एक कान या हातानं घेतला. आता त्याच्या बायकोच्या हातचं औषध विष म्हणून लिहायचं? आत दत्ताराम शांत घोरत होता. विश्वासानं झोपलेला माणूस इतका असहाय दिसतो हे तिला त्या दिवशी पहिल्यांदाच जाणवलं.

संध्याकाळी तो ड्यूटीवर गेला. तिनं वाटीत पाणी घेतलं, साखर घातली, आणखी घातली, आणि खडू भिजत टाकले.

बुधवारी सकाळी ती स्टूल घेऊन नाक्यावर गेली. चंद्रप्रकाशनं लांबूनच हात केला आणि समाधानानं चहाला गेला. सुगंधानं लिहिलं, जन्मात लिहिलं नव्हतं इतकं सुरेख आणि ठळक:

"गेल्या वर्षी फेब्रुवारीत श्यामकांतविरुद्ध या फळ्यावर लिहिलं ते मी. तो माझा दीर. आठव्या वर्षापासून मी त्याला वाढवलं, आणि मीच त्याला मार खायला लावला. त्याची बायको जया आज डोस द्यायला येईल. लेकरांना खुशाल न्या. दोष तिच्या हातात नाही, माझ्या हातात आहे. – सुगंधा दत्ताराम राऊळ."

मग एकच गलका झाला. चंद्रप्रकाश चहा टाकून धावत आला. "वहिनी, वेड लागलं काय? अहो, वाट लावली सगळ्यांची!" त्याच्या पोरांनी फडकं फिरवलं, हातानं घासलं, पण अक्षर हलेना. जमलेल्यांपैकी कुणी थुंकलं, कुणी डोळ्याला पदर लावला. आणि गर्दीच्या मागे, डबा बगलेत धरून, दत्ताराम उभा होता. त्यानं शेवटच्या नावापर्यंत सगळं वाचलं. मग तो घराकडे वळला.

ती मागोमाग आली. तो उंबऱ्यावर बसला, बूट काढले. आज त्यानं पाणी मागितलं नाही. तिनंच नेहमीचा पेला भरून समोर धरला.

"ठेव तिथं," तो म्हणाला.

तिनं पेला जमिनीवर ठेवला.

"दीड वर्ष!" त्याचा आवाज फाटला. "दीड वर्ष तू मला पाणी देत होतीस... आणि मी पीत होतो! एकदा, एकदा तरी सांगावंसं नाय वाटलं गो तुला?"

"रोज वाटलं," ती हुंदक्यांत म्हणाली. "रोज, अहो! पण तुम्ही पेला परत कराल या भीतीनं..."

तो भिंतीकडे तोंड करून बसला, गिरणी बंद पडली तेव्हा बसायचा तसा. ती मोरीच्या कडेला टेकली. पेला दोघांच्या मध्ये तसाच भरलेला राहिला.

अकरा वाजून गेले असतील, दारात सावली पडली. जया होती, खांद्याला थर्मासची पेटी, आणि तिच्यामागे शाळा टाकून आलेला श्यामकांत. ओट्यावर पहिल्यांदा कुणीच येईना, मग शेजारच्या चंपाकाकूनं नातवाला पुढे केलं आणि मागोमाग बाकीच्या आल्या, एवढं जयानं सांगितलं. फळा वाचून तिनं शाळेत फोन केला होता.

श्यामकांत सुगंधापुढे खाली बसला आणि सवयीनं उजवा कान पुढे केला. ते बघून तिला भडभडून आलं.

"शाम्या... बाळा, माझ्या तोंडाकडे पण बघू नकोस!"

"वहिनी, मला माहीत होतं गं."

"काय?"

"त्याच दिवशी. नाक्यावरून दिसल्या दिसल्या ओळखलं. अख्ख्या घाटकोपरात असं अक्षर दुसरं कुणाचं आहे?"

"मग... मग पुसायला का गेलास रे? लाज वाटली म्हणून ना?"

"मला कसली लाज? आठला दादा ड्यूटीवरून येतो. त्यानं तुझं अक्षर बघितलं असतं तर तुमचं काय झालं असतं? म्हटलं, आठच्या आत पुसून टाकू." तो ओल्या डोळ्यांनी हसला. "पण तुझं ते साखरपाणी! घासतोय, घासतोय, निघतच नाय. मीच शिकवलेलं ना... तेवढ्यात ते आले."

दीड वर्ष सुगंधा समजत होती की पोरानं रागानं पुसलं, अपमानानं पुसलं. आणि तो तिचाच संसार वाचवायला उभा होता! ज्याला पाणी देऊ नका म्हणून तिनं लिहिलं, तो बादलीभर पाणी घेऊन तिचं पाप धुवायला गेला होता! तिनं त्याचा तो बहिरा कान दोन्ही हातांनी कवटाळला आणि ती धाय मोकलून रडली. भिंतीकडे वळलेल्या दत्तारामची पाठ गदगदत होती.

बऱ्याच वेळानं जया म्हणाली, "ताई, सकाळपासून उन्हात आहे. पाणी मिळेल का?"

सुगंधा धडपडत उठली आणि मांडणीपाशी जाऊन थबकली. तो कान तुटलेला कप अजून तिथंच, मागच्या बाजूला, पालथा होता. ती काही उचलणार तोच जया खाली वाकली. जमिनीवरचा तो भरलेला पेला तिनं उचलून सुगंधाच्या हातात दिला आणि ओंजळ नव्हे, नुसता हात पुढे केला.

"तुमच्या हातानं द्या," ती म्हणाली.

सुगंधानं दिला. जया सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

मग दत्ताराम उठला. तो सुगंधाच्या समोरून गेला, माठावरचं झाकण त्यानं स्वतः काढलं, तांब्या बुडवला आणि उभ्यानंच प्यायला. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

"जेवल्याशिवाय जायचं नाय," तो श्यामकांतला म्हणाला. मग थोडं थांबून, माठाकडेच बघत, "चार पानं मांड."

शपथ मोडली नव्हती त्यानं. कदाचित कधीच मोडणार नव्हता... आणि ते बरोबरच होतं. पानं मांडायला सुगंधा वळली. दीड वर्षात पहिल्यांदाच नवरा पाणी प्यायला होता आणि तिच्या काळजात चर्र झालं नव्हतं.