लाल ओळींची फाइल

प्रिंटरसमोर गुडघे टेकून बसलेला माणूस तिला पाठमोरा दिसला, आणि तो प्रिंटर दुरुस्त करायला आलाय हे तिनं परस्पर ठरवून टाकलं.

“अहो, तुमचं झालं की जरा माझ्या टेबलाशी याल? माझी फाइल हट्टाला पेटलीय.”

त्यानं मान वळवली. नाकाच्या शेंड्यावर शाईचा डाग, हातात चुरगळलेला कागद. “येतो की. पण प्रिंटरमधलं मला ओ की ठो कळत नाही हं. कागद अडकलेला दिसला, राहवलं नाही, ओढला.”

“मग तुम्ही कोण?”

“तुमची फाइल ज्या नव्या प्रोग्रॅमशी भांडतेय ना… त्याच्या कंपनीचा.”

तिचे कान तापले. तिनं रुमाल पुढे केला आणि स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं. त्यानं नाक पुसलं—तर डाग गालावर पसरला. तिला हसू आवरेना, आणि ती हसतेय म्हणून तोही हसला. ओळख झाली ती अशी.

ती होती अनुवादिका. या भाषांतराच्या कचेरीत तिला चार वर्षं झाली होती. तिच्या आधी याच खुर्चीत तिची मावशी बसायची. मावशीनं वीस वर्षं खपून वैद्यकीय यंत्रांच्या शब्दांची एक सूची केली होती—सहा हजार दोनशे बारा शब्द, सगळे एका स्प्रेडशीटमध्ये, ओळीखाली ओळ. पुढे मावशीची नजर अधू झाली, पडद्याकडे बघवेना, आणि तिनं ती फाइल भाचीच्या ओटीत घातली.

आता नवजात बाळांच्या श्वासयंत्राचं नव्वद पानी माहितीपुस्तक आलं होतं. सहा अनुवादक वेगवेगळ्या गावांतून एकाच वेळी कामाला लागणार होते, आणि सगळ्यांनी एकच शब्द वापरावा म्हणून ती सूची नव्या प्रोग्रॅमच्या डेटाबेसमध्ये भरायची होती.

“चार वाजता काम सुरू होतंय,” कचेरीच्या प्रमुख मॅडम सकाळीच म्हणाल्या होत्या. “तोवर तुझी सूची चढली तर ठीक. नाहीतर गिऱ्हाइकानं पाठवलेली यादी वापरू.”

ती यादी तिनं पाहिली होती. चुकांचं माहेरघर होतं ते.

फाइल मावशीची आहे हे तिनं सांगितलं, तसा तो शेजारी खुर्ची ओढून बसला. “दाखवा बघू, काय नाटकं करतेय ती.”

पहिल्या खेपेला पडद्यावर अक्षरांऐवजी नुसते चौकोन उमटले. “फाइल जुन्या पद्धतीनं साठवलीय,” तो म्हणाला. “आपली अक्षरं तिला पेलत नाहीत. युनिकोडमध्ये साठवू.” चौकोन गेले, अक्षरं आली. पण अर्थ शब्दांच्या रकान्यात, टीप अर्थाच्या रकान्यात… सगळी पळापळ.

“हे काय आता?”

“मावशींना स्वल्पविराम फार आवडतात का हो?”

“जीव की प्राण!”

“तिथंच घोळ आहे. प्रोग्रॅमला वाटतं, स्वल्पविराम आला की रकाना संपला. आपण रकान्यांच्या मध्ये त्याऐवजी टॅबची खूण घालू.”

तेही केलं. आता प्रोग्रॅमनं सगळी फाइलच नाकारली, आणि का, ते सांगेना. तिचा चेहरा उतरला. त्यानं बाह्या सरसावल्या.

“एक खोड असणार, एकाच ओळीत. फाइल निम्मी करू. जी निम्मी चढणार नाही तिच्यात चोर. मग तिची निम्मी. सांगा… वरचा भाग की खालचा?”

“वरचा.”

“मी म्हणतो खालचा. हरेल त्यानं चहा आणायचा.”

ती पहिल्यांदा हरली, मग तो, मग पुन्हा तो. पैज मागे पडली, डोकी मात्र एकाच पडद्यावर वाकलेली. माऊस घेताना बोटांना बोटं लागली… दोघांनीही ते लक्षात न आल्यासारखं केलं, आणि दोघांनाही ते चांगलंच लक्षात आलं. तेरा वेळा फाइल चिरल्यावर एक ओळ उरली. मावशीनं त्या चौकटीत मधेच एंटर दाबून खाली काहीतरी लिहिलं होतं. त्यानं मोठ्यानं वाचलं—

“‘हा शब्द ठकूनं सुचवला. वय वर्षं तेरा. शाब्बास!’” तो वळला. “ही ठकू कोण?”

“…असेल कुणीतरी.”

“तुमचे कान लाल झालेत, ठकूबाई.”

“आधी एंटर काढा!” ती म्हणाली, पण रागावणं काही जमलं नाही.

एंटर निघाला. फाइल सरसर चढली. अडीच वाजले होते. त्यानं टाळीसाठी हात पुढे केला, पण ती पडद्याकडे बघत गोठली होती. तिनं श्वासयंत्रावरच्या एका बटणाचं नाव शोधून पाहिलं होतं, आणि प्रोग्रॅमनं ऐटीत उत्तर दिलं होतं: ‘इशारा बंद’.

“पुसा,” ती म्हणाली.

“काय पुसू?”

“सगळं. रंग गेलेत हो! मावशीच्या फाइलमध्ये हा शब्द लाल आहे. लाल म्हणजे वापरायचा नाही. त्या बटणानं फक्त आवाज थांबतो, यंत्र लक्ष ठेवतच असतं. ‘इशारा बंद’ वाचून एका नर्सला वाटलं, यंत्राचं लक्ष ठेवणंच बंद होतं. भर कामात ते बटण दाबायला ती बिचकली, आणि तिनं इथं फोन करून मावशीला फैलावर घेतलं. तेव्हापासून तो शब्द लाल आहे. आता सहाही जण तोच लिहितील.”

मॅडम दारातून म्हणाल्या, “अगं, शब्द चढलेत ना? रंगांचं नंतर बघू.”

“नंतर नाही, मॅडम.” ती मागे सरली नाही. “हे बाळांचं यंत्र आहे.”

ती त्याच्याकडे वळली. मॅडमचं ऐकणं त्याला सोयीचं होतं. त्याचं काम कागदोपत्री झालंच होतं. त्यानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं… आणि सगळा डेटाबेस पुसला.

“रंग प्रोग्रॅमला दिसत नाहीत,” तो म्हणाला, “पण शब्द दिसतात. स्प्रेडशीटलाच सांगतो, प्रत्येक ओळीचा रंग बघ आणि शेजारी तो शब्दात लिही—मान्य, शंका, निषिद्ध. ते वाचून प्रोग्रॅम स्वतःचे रंग देईल. पण इथं लाल दोन आहेत. गडद आणि फिका.”

ते कोडं एकटी मावशीच सोडवू शकत होती. फोन गेला, आणि दोन गल्ल्या ओलांडून मावशी वीस मिनिटांत हजर झाली, जाड भिंग हातात घेऊन.

“गडद म्हणजे कधीच नाही. फिका म्हणजे जुन्या यंत्रांपुरता चालेल. यात न कळण्यासारखं काय आहे?” मग त्याला आपादमस्तक न्याहाळत, “आणि हा कोण गं ठकू, गालाला शाई लावून बसलेला?”

“कामात आहोत, मावशी!”

चार वाजायला सात मिनिटं होती तेव्हा त्यानं शेवटचं बटण दाबलं. निळी पट्टी सरकत गेली… थबकली… पुन्हा सरकली. नोंदी: सहा हजार दोनशे बारा. चुका: शून्य. तिनं श्वासयंत्राच्या त्याच बटणाचं नाव शोधलं. हिरव्यात ‘आवाज थांबवा’. त्याखाली लालभडक ‘इशारा बंद—वापरू नये’.

ती खुर्चीतून उडालीच. मावशीनं टाळ्या पिटल्या, मॅडमनी चष्मा काढून पुसला, आणि तिनं आनंदाच्या भरात त्याचे दोन्ही हात धरले. जरा जास्तच वेळ.

निघताना तो जिन्यात रेंगाळला. “फाइल बिघडली तर फोन करा.”

“आणि नाही बिघडली तर?”

“तर… त्याहून लवकर करा.”

तिनं केला. दुसऱ्याच दिवशी, आणि नंतर रोज.

तीन आठवड्यांनी पुस्तक तपासून परत आलं. इस्पितळाच्या तज्ज्ञांनी नव्वद पानांत एकही शब्द बदलला नव्हता. उलट ती सूची इतर यंत्रांसाठीही वापरू द्या म्हणून विनंती केली होती. मॅडमनी ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं आणि सूचीची जबाबदारी रीतसर तिच्या नावानं केली. तोही होता तिथं. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घालायला आलो, म्हणाला.

तो बसला होता त्या टेबलाशी ती गेली. “पाच मिनिटांचं काम ना हे? सकाळपासून बसलायस.”

“‘बसलायस’?”

“हो. जिभेवरून घसरलं नाही, मुद्दाम म्हटलं.”

तो गडबडला. “मी… गाडीत चार वाक्यं पाठ करून आलो होतो. एकही आठवत नाहीये.”

“मग मी बोलते. मला तू आवडतोस. सगळं पूस म्हटल्यावर एक प्रश्न न विचारता पुसलंस ना, त्या मिनिटापासून.”

त्यानं दीर्घ श्वास घेतला. “आणि मला तू. मॅडमना ‘नंतर नाही’ म्हणालीस ना, तेव्हापासून. मी इथल्या शाखेत बदली मागितलीय… मिळालीसुद्धा. सोमवारपासून.”

“मला न विचारता? मी नाही म्हटलं असतं तर?”

“तर रोज या कचेरीवरून मान खाली घालून जावं लागलं असतं.”

ती इतक्या मोकळेपणी हसली की सगळी कचेरी माना वळवून बघायला लागली. एरवी ती लाजून पळाली असती. आज तिनं सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला, आणि म्हणाली, “चल, मावशीला आपण दोघं मिळून सांगू.”