समोरच्याची भीती

कल्पना कर हं... एक मोठा वर्ग आहे. बाकं भिंतीला सरकवलेली, जमिनीवर खडूची लांबलचक रेघ. रेघेच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा, आणि मधली नदी दोघांनाही हवी! कॉलेजची मुलं दोन्हीकडून घसा फोडून भांडताहेत. अशा वेळी दार उघडून तू नकळत त्या रेघेवरच पाय दिलास तर?

संख्याशास्त्राच्या सरांनी नेमकं तेच केलं. ते आले होते शेजारच्या वर्गातून, गोंगाटाची तक्रार करायला.

"घुसखोर!" मुलं ओरडली. "सर, पासपोर्ट दाखवा!"

सरांनी खिशातला रुमाल काढून फडकवला. "शरण आलोय. तुमच्या राणीसाहेब कुठे आहेत?"

खिडकीच्या कट्ट्यावरून प्राध्यापिका खाली उतरली. राज्यशास्त्र आणि सुरक्षा हा तिचा विषय.

"इथे राणी नाही, नियम आहे," ती हसू दाबत म्हणाली. "आधी समोरच्याची भीती ओळखायची. तो 'बरोबर' म्हणाला, तरच आपली बाजू मांडायची. सांगा, मला कशाची भीती वाटते?"

सरांनी रुमाल खिशात ठेवला. "की मुलं गप्प बसली, तर... विचार करायचीही थांबतील."

तिच्या बोटांत फिरणारा खडू थांबला.

"बरोबर," ती हळूच म्हणाली. "मांडा तुमची तक्रार."

"कसली तक्रार? विसरलो बुवा!"

त्यानंतर सर रोजच काहीतरी विसरू लागले. कधी डस्टर तिच्या वर्गात, कधी छत्री. मग ते परत न्यायला येणं, मग कॅन्टीनमध्ये चहा...

"तोफा मोजायला सोप्या असतात," ती एकदा सांगत होती. "त्या कशाच्या भीतीने आणल्या, हे मुलांना शोधायला लावते मी."

"मी तर मोजण्यातच जन्म घालवला," सर म्हणाले. "पण हल्ली मोजताना चुकतो. कोणामुळे, ते विचारा ना."

"नाही विचारणार."

"मग मीच विचारतो. तुम्ही... आमच्या घरी याल? कायमच्या?"

तिचे कान लाल झाले. "माझ्याकडून हो. पण हे आपल्या दोघांत ठरण्यासारखं नाही."

दोघांची नजर कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. शाळा सुटली की सरांची लेक तिथे चित्रं काढत बसायची. सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची आई आजारपणात गेली होती. एरवी बाबांभोवती गरगर फिरणारी ही पोर प्राध्यापिका जवळ आली की पाठ फिरवून बसे.

"ती नको म्हणाली तर?" सरांनी विचारलं.

"तर मी शेजारच्या वर्गातलीच राहीन." ती उठली आणि भिंगरीशेजारी जाऊन बसली.

"तुझी भीती ओळखू? चुकले तर सांग."

भिंगरीने खांदे उडवले.

"मी बाबांना तुझ्यापासून तोडेन?"

"चूक. बाबा तसे नाहीत."

"आईच्या वस्तू हलवेन?"

"चूक."

वर्गात मुलं अडली की ती त्यांना हजार वाटा सुचवायची. आज तिला स्वतःलाच एकही सुचेना.

"मला नाही गं ओळखता येत," ती म्हणाली. "तूच सांग."

रंगीत पेन्सिल थांबली. "तुम्ही मला आवडायला लागलात... आणि मग तुम्हीपण गेलात तर?"

'कधीच जाणार नाही' असं म्हणणं किती सोपं होतं! पण या पोरीला खोटं कसं सांगायचं?

"आजारपण माझं ऐकणार नाही, भिंगरी," ती म्हणाली. "पण रागावून, कंटाळून, न सांगता मी जाणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे. तेवढं देते तुला."

भिंगरीने पेन्सिल खाली ठेवली. पलीकडे सर चहाचा कप ओठांशी नेऊन तसेच थबकले होते.

"एक गंमत सांगू?" भिंगरी कुजबुजली. "बाबांना नको सांगूस हं. ते लगेच डॉक्टरकडे नेतील."

आणि भला मोठा आ करून तिने प्राध्यापिकेचं बोट धरलं, आणि आपल्या हलणाऱ्या दातावर अलगद नेऊन ठेवलं.